एक्स-रे स्वच्छ आहे, तरी वेगवान गोलंदाजाची कंबर का दुखते?

नाशिकचा पालक:
माझा १५ वर्षांचा मुलगा उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. गेले पाच आठवडे त्याची कंबर डावीकडे, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखते. पुढे वाकताना त्रास नाही, पण दोरीवर टॉवेल टाकायला मागे झुकला की कळ येते. एक्स-रेमध्ये काही आढळले नाही. आठवडाभराच्या विश्रांतीने दुखणे थांबले आणि नेट्समध्ये उतरताच परतले. निवड चाचणी महिन्यावर आली आहे. काय करावे?

क्रीडा फिजिओ:
निदान तपासणीनंतरच होईल, मात्र हे वर्णन स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या बारीक भेगेची, शंका घ्यावी असेच आहे. मणक्याच्या मागच्या बाजूला वरच्या आणि खालच्या सांध्यांना जोडणारी हाडाची अरुंद पट्टी असते, तिला पार्स म्हणतात. चेंडू सोडताना कंबर मागे झुकते, बाजूला कलते आणि त्याच क्षणी पुढचा पाय आदळल्याचा धक्का वर चढतो. म्हणून उजव्या हाताच्या गोलंदाजात पार्सची ही इजा बहुधा डावीकडे, कंबरेच्या चौथ्या किंवा पाचव्या मणक्यात होते. सुरुवातीची इजा एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. एमआरआयमध्ये मात्र भेग पडण्याआधीची हाडातली सूजही दिसू शकते. तोवर गोलंदाजी पूर्ण बंद ठेवावी. पायात बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ठाण्याची आई:
माझ्या मुलीला जिम्नॅस्टिक्समुळे हेच झाले होते. तिसऱ्या आठवड्यात दुखणे थांबले, आणि खरी परीक्षा तिथून पुढे होती, कारण हाड जुळायला काही महिने लागतात हे दुखत नसलेल्या मुलीला पटवणे सोपे नसते. एकदा ती आरशासमोर गुपचूप कमान टाकताना सापडली! पोटाचे आणि मांड्यांमागच्या स्नायूंचे व्यायाम करत ती सहाव्या महिन्यात सरावाला परतली.

जुना क्रिकेटवेडा:
ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स याने २०११ मध्ये, १८ व्या वर्षी पहिली कसोटी खेळून सामन्यात सात बळी घेतले. दुसरी कसोटी त्याला थेट २०१७ मध्ये रांचीला मिळाली. मधल्या दुखापतींत पाठीची स्ट्रेस फ्रॅक्चर्सही होती. त्यापुढे एका चाचणीचे काय? माझ्या मते दोष बहुतेकदा शैलीइतकाच हिशेबाचाही असतो: शाळा, क्लब आणि अकादमी आपापली षटके मोजतात, बेरीज कोणीच करत नाही.

नाशिकचा पालक:
ती बेरीज काल वहीत केली. तिन्हीकडची मिळून आठवड्यातले सहा दिवस गोलंदाजी होत होती. एमआरआय गुरुवारी आहे; चाचणी सोडावी लागेल, हे मुलाला अजून सांगितलेले नाही.