बेटांवरची दिवसभराची स्नॉर्कलिंग ट्रिप: नाशिककरांनो, तुमचा अनुभव सांगा

गंगापूर रोडवरून

नमस्कार मंडळी. आई यंदा ६२ वर्षांची झाली. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाली, मला एकदा समुद्राच्या आतले मासे बघायचेत, काचेच्या पेटीतले नकोत, त्यांच्या घरातले. तिला पोहता येत नाही, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. मी स्वतः सावरकर तलावावर पोहायला शिकले पण समुद्रात कंबरेच्या पुढे कधी गेले नाहीये. सकाळी बोटीत बसायचं, दोन-तीन बेटं करायची, तिथे स्नॉर्कलिंग (म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खाली बघणं) करायचं आणि संध्याकाळी परत यायचं, अशा ट्रिपा अंदमानला पण आहेत आणि थायलंडला पण. पॅकेजवाले सगळं सोपंच सांगतात, म्हणून तुम्हाला विचारतेय. जे खरोखर जाऊन आलेत त्यांनी सांगा, भीती वाटली असेल तर तेही सांगा.

नाशिकरोडहून

ताई, आम्ही फेब्रुवारी २०२३ ला अंदमानच्या हॅवलॉक बेटावर गेलो होतो (आता नाव स्वराज द्वीप आहे पण तिथे सगळे हॅवलॉकच म्हणतात). जेट्टीवरून बोटीने एलिफंट बीच. किनाऱ्यावर मोठमोठी झाडं आडवी पडलेली दिसतात, २००४ च्या त्सुनामीतली आहेत म्हणे.

भीतीचं खरं सांगते. मास्क लावला, नळी तोंडात धरली, गाइडने सांगितलं डोकं खाली करा, मी केलं आणि पहिल्याच श्वासाला वाटलं संपलं सगळं. पाणी नाकात गेलेलं नव्हतंच, मास्कने नाक बंद होतं, पण आयुष्यभर नाकाने श्वास घेतलेला माणूस एकदम तोंडाने घ्यायला लागला की छाती घाबरते. मी तीनदा उठले. चौथ्या वेळी गाइड म्हणाला, मासे बघू नका, फक्त स्वतःचा श्वास ऐका. नळीतून तो आवाज येतो ना, घूं... घूं... तो ऐकत राहिले, आणि दहाएक श्वासांनंतर खांदे सैल पडले. मग खाली बघितलं तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या हाताखालून चाललेले, जणू मी तिथे नव्हतेच.

आईंसाठी एकच सांगेन, घरी प्रॅक्टिस करून घ्या. मास्क आणि नळी विकत किंवा कोणाकडून आणा, मोठ्या पातेल्यात किंवा घंगाळात पाणी घ्या, खुर्चीवर बसून तोंड आत घालायचं आणि पाच मिनिटं श्वास घ्यायचा. जो घाबरण्याचा भाग आहे तो घरीच उरकून जातो. आणि तिथे पोहता यायची गरज पडत नाही, लाइफ जॅकेट असतं, शिवाय रिंग देतात, ती धरून गाइड ओढत नेतो.

पंचवटीतून

मी लहानपणापासून गोदावरीत पोहतोय. आमच्याकडे पूर किती आला ते दुतोंड्या मारुतीवर मोजतात, पाणी उतरलं की आम्ही पोरं पहिली उडी मारायला हजर. त्यामुळे थायलंडला फुकेतवरून फी फी बेटांची स्पीडबोट ट्रिप घेतली तेव्हा लाइफ जॅकेट घेतलंच नाही, म्हटलं आपल्याला कशाला.

नदीत ओढ एका दिशेने असते, ती कळते, तिरकं पोहून काठ गाठता येतो. समुद्रात तसं नसतं, आणि तोंड खाली असल्यावर आपण सरकतोय हेच कळत नाही. मी एका निळ्या माशांच्या थव्यामागे गेलो, डोकं वर काढलं तर बोट एवढीशी दिसत होती. परत यायला लागलो तर जेवढा हात मारावा तेवढा तिथेच. शेवटी बोटीवरच्या पोराने दोरी टाकली. त्या दिवसापासून मी कोणालाही सांगतो, पोहणारा असो नसो, जॅकेट घालायचं, दर दोन मिनिटांनी डोकं वर काढून बोट कुठे आहे बघायचं आणि जोडीदाराच्या हाताच्या अंतरावर राहायचं.

फी फी ला जाणार असाल तर अजून एक. तिथल्या ‘माया बे’ या किनाऱ्यावर पोहायला मिळेल असं समजून लोक जातात आणि हिरमुसतात. तो किनारा गर्दीने इतका खराब झाला होता की २०१८ च्या जूनमध्ये बंद केला, थेट २०२२ च्या जानेवारीत उघडला. आता बोटी मागच्या बाजूने लागतात, चालत पुढे यायचं आणि पाण्यात गुडघ्यापर्यंतच जाता येतं. मला ते योग्यच वाटलं. किनाऱ्यावर उभं राहून उथळ पाण्यात शार्कची पिल्लं फिरताना दिसली, लोक पोहत असते तर दिसली असती का?

इंदिरानगरवरून

आम्ही दोन मुलं घेऊन थायलंडमधल्या क्राबीला चार बेटांची ट्रिप केली, मुलगी तेव्हा ६ ची आणि मुलगा १०. कंपनीचं नाव लिहीत नाही. बुकिंगच्या वेळी दोनदा विचारलं होतं की मुलांच्या मापाची जॅकेट आहेत ना, हो हो म्हणाले, आणि बोटीत बसल्यावर सगळी मोठ्यांचीच. मुलीला घातलं तर ते वर सरकून तिच्या कानापर्यंत येत होतं, पाण्यात ती त्यातून खाली निसटली असती. मी तिला उतरवलं नाही. ती दिवसभर बोटीच्या कडेला बसून भावाला विचारत होती, काय दिसलं, काय दिसलं. आजही आठवलं की पोटात तुटतं. तर माझं कळकळीचं सांगणं, धक्क्यावरच जॅकेट घालून बघा, मांडीखालून जाणारा पट्टा आहे का बघा, दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर गेलं तर ते माप आपलं नाही. नसेल तर बोटीत पाय ठेवायच्या आधी भांडा, समुद्रात गेल्यावर भांडून काही उपयोग नाही.

उलटीचं पण सांगते. स्पीडबोटीत पुढे बसलं की मजा वाटते पण आपट्या तिथेच जास्त बसतात, पाठ-गुडघे दुखणाऱ्यांनी तर मागेच बसावं. गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेऊन काय होणार. पण त्या गोळ्यांनी झोप येते आणि आईंचं बीपी आहे, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि पाण्यात उतरायचं सांगूनच विचारा. मोबाइलमध्ये बघायचं नाही, लांब जिथे आकाश आणि पाणी मिळतं तिथे बघायचं.

सिडकोतून

फक्त जेवणाचं लिहितो. थायलंडच्या बोटीवर व्हेज सांगितलं तरी फिश सॉस पडतो, त्यांच्या दृष्टीने ते मीठच आहे. आमच्याबरोबर जैन कुटुंब होतं, त्यांनी थेपले, खाकरा आणि चिवडा नेला होता आणि अर्धी बोट त्यांच्यावर जगली. आणि चप्पल-बूट बोटीत चढतानाच टोपलीत जमा करतात, हौसेने नवीन सँडल घेऊ नका.

सातपूरहून

परदेश नको असेल तर आपलं मालवण आहे की. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती खडकांमध्ये स्नॉर्कलिंग करतात, अंदमानसारखं काचेसारखं पाणी नाही मिळत पण डिसेंबर-जानेवारीत बरंच स्वच्छ असतं. पावसाळ्यात सगळं बंद.

माझा प्रॉब्लेम मिशीचा झाला. दर दोन मिनिटांनी मास्कमध्ये पाणी, नाकापर्यंत यायचं, मी वैतागून बाहेर. मला वाटलं मास्क फाटका आहे, बदलला, तेच. मग तिथल्या दादाने सांगितलं की रबर कातडीला चिकटतं, केसांना नाही, मिशीखालून पाणी शिरतं. चांगला मास्क कसा ओळखायचा ते पण त्यानेच दाखवलं: पट्टा डोक्यावर न घेता मास्क नुसता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने थोडी हवा ओढायची आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर आपला, पडला तर दुसरा मागायचा. धुकं धरू नये म्हणून काचेला आतून थुंकी चोळून खळखळून घ्यायचं, ऐकायला कसंतरी वाटतं पण चालतं. दुसऱ्या दिवशी मी मिशी काढूनच गेलो. बावीस वर्षांची होती. पाऊण तास पाण्यात होतो, एक थेंब आत आला नाही.

कॉलेज रोडवरून

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. लक्षद्वीपला गेलो होतो २०२४ च्या मे मध्ये, आधी परमिट, मग कोचीवरून छोट्या विमानाने अगत्ती, आणि तिथून एक पूर्ण दिवस बोटीने बंगारम आणि तिण्णकरा. कासवं बोटीखालून जाताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

पाण्यात तोंड घातलं आणि खाली पांढरंशुभ्र प्रवाळ, फांद्याफांद्यांचं, उन्हात चमकणारं. मी वर येऊन म्हटलं किती सुंदर आहे! बोटवाला मुलगा काहीच बोलला नाही. मग म्हणाला, मॅडम ये बीमार है. मी चपापले, कारण हेच तर मी वर्गात शिकवते. प्रवाळ म्हणजे दगड नाही, लहान लहान प्राण्यांची वस्ती आहे. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं, रंगही त्यांचाच. पाणी बरेच आठवडे जास्त गरम राहिलं की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी. पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं, नाही झालं तर मरतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ ला हे मोठ्या प्रमाणावर झालं होतं, २०२४ ला परत. मी पुस्तकातून एवढी वर्षं शिकवलं आणि समोर आल्यावर सुंदर म्हणाले.

म्हणून हात जोडून सांगते, थकलात तर रिंग धरा, जॅकेटवर तरंगा, पण प्रवाळावर उभं राहू नका. एका पावलाखाली जे मोडतं ते वाढायला कित्येक वर्षं लागतात. माशांना ब्रेड टाकू नका. क्रीमऐवजी फुल बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घाला, थायलंडने २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला घातक रसायनांची सनस्क्रीनं बंदच केली. आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकू नका, आपल्याकडे तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, विमानतळावर बॅगा तपासतात.

पिंपळगाव बसवंतहून

ताई, तारखेचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. आमची द्राक्षं, जानेवारी ते मार्च माल काढायचा, एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे मोकळं व्हायला मे उजाडतो आणि नेमक्या तेव्हाच पोरांच्या सुट्ट्या. आम्ही मे च्या शेवटच्या आठवड्यात अंदमानला गेलो. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो पण अंदमानला मान्सून मे च्या विसाव्या तारखेच्या आसपासच पोहोचतो हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. सहा दिवसांत एक दिवस बोट सुटली. त्या दिवशी पण पाणी गढूळ, स्वतःचा हात दिसेना. पैसे गेले त्याचं नाही, वडील होते बरोबर, ते रोज सकाळी तयार होऊन हॉटेलच्या व्हरांड्यात बसायचे आणि आभाळाकडे बघायचे. पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं होतं, ते राहिलंच, वडील गेले.

डिसेंबर ते एप्रिलच्या मधलंच बघा. थायलंडची फुकेत-क्राबीची बाजू पण तशीच, सिमिलान बेटं तर साधारण मे च्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. बागेचं काम भावावर टाकून जा, नोकरी असेल तर रजा काढा, पण आईंना घेऊन यंदाच जा.

गंगापूर रोडवरून

मंडळी, आम्ही जाऊन आलो. पिंपळगावच्या दादांचं वाचलं त्याच रात्री तिकिटं काढली, मार्चच्या पहिल्या आठवड्याची.

तयारी सांगते. डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढला, त्यांनी हो म्हटल्यावरच पुढे. मैत्रिणीकडून मास्क आणला. आजीचं तांब्याचं घंगाळ होतं, भांडी बाजारातून तिच्या लग्नात घेतलेलं, ते माळ्यावरून काढलं आणि आई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की गॅलरीत स्टुलावर बसून त्यात तोंड घालायची. पहिल्या दिवशी चार श्वास. पंधराव्या दिवशी मी हाक मारली तर हाताने थांब म्हणाली.

आम्ही अंदमानचं जॉली बॉय बेट निवडलं. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे, पोर्ट ब्लेअरवरून (आता नाव श्री विजयपुरम) आधी गाडीने वंडूर आणि तिथून मोठ्या बोटीने. परमिट लागतं, आणि प्लास्टिक अजिबात नेऊ देत नाहीत, धक्क्यावर बॅगा उघडून बिस्किटांचे पुडेसुद्धा काढायला लावले. मी पोळी-भाजी स्टीलच्या डब्यात नेली होती. बेटावर दुकान नाही, हॉटेल नाही. जेट्टीही नाही, त्यामुळे शेवटचं अंतर तळाला काच असलेल्या छोट्या होडीतून. गुडघेदुखीवाल्यांसाठी ही एकच अवघड जागा, होडीतून पाण्यात उतरताना दोघांनी धरावं लागलं.

आईने जॅकेट घातलं, मी खांद्यांना धरून वर ओढून बघितलं, नीट बसलेलं. मास्क टेकवून हात सोडून बघितला. रिंग धरली, एका बाजूला गाइड, एका बाजूला मी. आणि तिने सरळ तोंड खाली घातलं, एकदाही उठली नाही. मीच दोनदा उठले. एका ठिकाणी तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला वाटलं घाबरली, मी तिला वर काढायला गेले तर ती मान हलवून खाली बोट दाखवत होती. हिरवा-निळा हातभर लांब मासा प्रवाळाला चोचीने कुरतडत होता, आणि त्याचा आवाज येत होता, कोणी खडीसाखर चावावी तसा कुर्रकुर्र, स्पष्ट. पोपटमासा, गाइडने नंतर सांगितलं.

बाहेर आल्यावर तिच्या कपाळावर आणि गालांवर मास्कची गोल लाल खूण उमटली होती, केस खाऱ्या पाण्याने ताठ झालेले. वाळूत बसून डबा उघडला आणि पहिलं वाक्य, "अगं, त्याचं जेवण चाललं होतं आणि आपण बघत होतो."

मास्क मैत्रिणीला परत द्यायचा होता. आईने तो गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून स्वतःच्या कपाटात ठेवलाय. मैत्रिणीसाठी मी नवा मागवलाय.