मदत हवी आहे: कॅनडाच्या प्रेअरीतली (गवताळ मैदानी प्रदेशातली) जुनी धान्य-कोठारं आतून बघता येतात का?

नमस्कार मंडळी, उन्हाळ्यात आईला घेऊन कॅनडातल्या सास्काटूनला भावाकडे जातोय. १९०१ला या गावात जेमतेम ११३ माणसं होती, १९११ला १२,००४! रेल्वे आली, १० डॉलर फी भरून १६० एकर जमीन मिळायची, मग काय, माणसं लोटली. वेस्टर्न डेव्हलपमेंट म्युझियममधला १९१०चा बाजाररस्ता बघणारच आहोत.

पण मला खरी ओढ आहे ती धान्याच्या लाकडी एलेव्हेटरची, म्हणजे त्या उंच कोठारांची. गव्हाने भरलेली घोडागाडी वजनकाट्यावर चढायची, गहू खालच्या खड्ड्यात ओतायचा, आणि पट्ट्यावरचे डबे तो थेट माथ्यापर्यंत न्यायचे. मॅनिटोबा प्रांतातल्या इंग्लिस गावाला असे एलेव्हेटर रांगेने जपलेत. आत सोडतात का? आई सत्तरीची आहे, चढउतार कितपत? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.