मेंटॉरने शिष्याच्या ट्रॅकला हात लावावा का?

खर्ज (धागाकर्ता):
गीतलेखन, प्रॉडक्शन आणि 'स्वतःचा साउंड' शिकवणारे मेंटॉर सध्या पुण्या-मुंबईत बरेच झालेत. चांगलंच आहे. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. शिष्य प्रोजेक्ट फाइल पाठवतो आणि मेंटॉर ती 'सुधारून' परत देतो. किक, म्हणजे ड्रमचा खालचा ठोका, बदलतो, आवाजावर आपल्या ठरलेल्या इफेक्ट्सची साखळी चढवतो, ध्रुवपदाआधी नेहमीचा रायझर, म्हणजे चढत जाणारा आवाज, टाकतो. गाणं चकचकीत होतं, पण त्याच्याकडच्या चार-पाच जणांची गाणी लागोपाठ लावा, कोण कुणाचं ते कळणार नाही.

कुमार गंधर्व लहानपणी मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे शिकायला आले. देवधर स्वतः विष्णु दिगंबरांचे शिष्य, पण त्यांच्याकडे निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांची ये-जा असे. कुमारांना ते सगळं ऐकायला मिळालं. पुढे देवासला माळव्याची लोकगीतं कानावर पडली, तेव्हा त्यांचं काय करायचं हे त्या तयार कानाला उमगलं. मेंटॉरने कान तयार करावा. माउस शिष्याच्या हातात राहू द्यावा.

ढोलकीवाला:
साफ असहमत. कुमार कोवळ्या वयातच मैफली गाजवत होते, त्यांच्यावरून सगळ्यांसाठी नियम काढू नका. डग्ग्याचा घुमारा आणि सिंथ बेस एकमेकांवर चढलेत हे नवख्याला ऐकूच येत नाही. ते तोंडी सांगून कळत नाही, त्याच्यासमोर इक्यूवर (जिथे आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करतात) बेसचा तेवढा पट्टा कापून दाखवावा लागतो. किशोरीताईंनी आधी मोगूबाईंकडून जयपूर घराण्याची कडक तालीम घेतली, वेगळी वाट नंतर धरली. पहिल्या महिन्यात स्वतःचा साउंड मागणं म्हणजे अक्षर गिरवायच्या आधी सही मागणं.

आणि बीटल्स? 'प्लीज प्लीज मी' आधी संथ होतं. त्यांचे प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिननी लय वाढवायला सांगितली, १९६२ साली. ढवळाढवळच ती!

शब्दवेडी:
तुम्ही दोघं प्रॉडक्शनवरच अडलात. एक मुलगा गाणं घेऊन आला होता, मी तिथे होते. ओळीत 'घराकडे' हा शब्द. त्याचा ठोका नेमका 'क'वर पडत होता आणि सूर तिथेच लांबत होता, त्यामुळे ऐकू येत होतं 'घराकाऽडे'. मेंटॉरने बीट बंद करायला लावली आणि म्हणाल्या, "गाऊ नकोस, आईला फोनवर सांगतोस तसं बोल." दोन-तीनदा बोलल्यावर त्याने आपणहून ठोका 'रा'वर नेला. ओळ एकदम मराठी वाटायला लागली. बाईंनी एक अक्षरही बदललं नव्हतं.

फेडर:
मी शिकवतो, म्हणून व्यवहाराचं बोलतो. येणाऱ्याला महिन्याभरात गाणं स्पॉटिफायवर हवं असतं. मी नुसते प्रश्न विचारत बसलो तर तो पुढची फी भरणार नाही. घरभाडं मलाही आहे.

खर्ज:
@फेडर, अडचण खरी आहे. पण मग त्याला प्रॉडक्शनचं काम म्हणा, वेगळे पैसे घ्या, श्रेयनामावलीत तुमचं नाव लावा. शिकवणी म्हणून ते विकू नका.

@ढोलकीवाला, डग्ग्याचं पटलं, ते दाखवावंच लागतं. पण मार्टिनची निम्मीच गोष्ट सांगितलीत. त्याच सुमाराला त्यांनी बीटल्सपुढे दुसऱ्याचं तयार गाणं ठेवलं होतं. पोरांनी ते रेकॉर्ड केलं, पण आमचंच गाणं काढा म्हणून अडून बसले. मार्टिननी ऐकलं. लय वाढवा हा सल्ला होता, गाणं पोरांचंच राहिलं.

ढोलकीवाला:
मग १९६५चं 'यस्टरडे' घ्या. तंतुवाद्यांची कल्पना मार्टिनची, गाणं लिहिणाऱ्या पॉल मॅकार्टनीला ती आधी रुचली नव्हती. त्याला स्वरलिपी येत नव्हती, म्हणून लिहूनही मार्टिननीच काढलं. पॉलने वादकांकडून व्हायब्रेटो (सुराची थरथर) नको एवढा आग्रह धरला आणि ते दोघांचं मिळून झालं. मेंटॉर हात बांधून बसला असता तर?

खर्ज:
पॉलला 'नको' म्हणता आलं, हेच तर! आपल्याकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा सरांना तसं म्हणेल का? निदान मूळ फाइल तशीच ठेवून वेगळ्या प्रतीवर दाखवा. एवढं तरी मान्य?

ढोलकीवाला:
प्रतीचं मान्य. पण दोन्हींतली कुठली बाहेर काढायची, हे पहिली दोन गाणी तरी मीच ठरवणार.

शब्दवेडी:
तिथे मी खर्जच्या बाजूने. पहिल्याच गाण्याला ते त्याला ठरवू द्या.