सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) पायवाटांना खुणा कशा कराव्यात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं गाव राजापूर तालुक्यात, कशेळीच्या बाजूला. वाडीतून वर जाणाऱ्या जुन्या पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) नि पायवाटा थंडीत चालायला मोकळ्या करतोय, नाताळात चाकरमानी येतात, ऊन चढायच्या आत त्यांना कातळशिल्पापर्यंत (सड्याच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रापर्यंत) नेऊन आणायचं एवढाच बेत. घाटी चढेपर्यंत काही प्रश्न नाही, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेकडेने गेलं की झालं. खरी पंचाईत सड्यावर, उघडा कातळ नि गुडघाभर वाळलेलं गवत, वाट दिसतच नाही आणि मोज्यांत कुसळं भरतात ती वेगळीच. ऑइलपेंटचे बाण मला पटत नाहीत, पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की गायब, आणि शिल्पाजवळ तर रंग नकोच, कशेळीचं शिल्प २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. दगडांचे ढीग रचले तर खाली फुरसं (विषारी साप) बसायची भीती. फिती बांधायला झाड नाही, असलं तरी वणव्यात जळणार. कोणी जांभ्याचे चिरे उभे पुरून बघितलेत का, गुरं पाडतात का? गवत कधी काढता? आणि जमीनवाल्यांची परवानगी तोंडी चालते की लिहून घ्यावी, एकेका सातबाऱ्यावर डझनभर नावं आहेत हो, निम्मे मुंबईत!