चाळ पाडल्याचं दुःख

तुमची चाळ पाडली म्हणून तुम्हाला रडू येतं आणि 'माणूस थोडंच गेलंय, उलट नवा फ्लॅट मिळतोय' असं घरचे म्हणतात, हे तुमचं पत्र वाचून गलबलून आलं. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये या दुःखाला नाव दिलं: समाज ज्याला दुःख मानतच नाही असं दुःख.

१९८२ च्या गिरणी संपात माझ्या बाबांची नोकरी सुटली. नंतर कितीतरी महिने ते पहाटपाळीच्या वेळेला उठून, चपला घालून दारात उभे राहायचे. मयत झालं असतं तर शेजारून पिठलं-भात आला असता. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

तुम्ही मोकळेपणी रडा. लालबागची आमची चाळ पाडली तेव्हा मी गॅलरीच्या कठड्याचा एक गज मागून घेतला. कपाटात आहे. शेजारच्या काकू आता विरारला असतात, दर गुरुवारी त्यांना फोन करते. तुमच्या मजल्यावरच्या कुणाला तरी आजच लावा.