मुलीला स्केटबोर्डिंगच्या वर्गाला घालावे का? मदत हवी आहे

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मोमिजी निशिया हिने वयाच्या अवघ्या १३ व्या वर्षी स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक जिंकले, त्याची चित्रफीत पाहिल्यापासून माझ्या ७ वर्षांच्या मुलीने (पदकापेक्षा तिला त्या फळीचेच आकर्षण अधिक!) हा खेळ शिकण्याचा हट्ट धरला आहे. तोल सांभाळणे, पायांची ताकद आणि पडल्यावर पुन्हा उभे राहण्याची चिकाटी हे फायदे मला पटतात. काळजी आहे ती पडण्याचीच, कारण तोल गेला की मुले हात टेकतात आणि मनगट दुखावते. हेल्मेट व पॅड घेणारच आहे. ज्यांची मुले प्रशिक्षकाकडे शिकली आहेत, त्यांनी कृपया सांगावे, की सुरक्षितपणे कसे पडावे हे सुरुवातीलाच शिकवतात का आणि लाजाळू मुलांचा आत्मविश्वास अशा वर्गाने खरोखर वाढतो का?