वासाचा चाफा हवा आहे: कोणता घ्यावा आणि कुठून?

पाऊलवाट:
पुण्यात गच्ची आहे, ५-६ तास ऊन येतं. शिवाय फाटकाशी चार बाय चार फुटांची माती आहे. सोनचाफा नको, देवचाफ्याच्या जातीचंच झाड हवं, आणि फुलांना संध्याकाळी दारात दरवळेल असा वास हवा. मागे नर्सरीतून 'नागचाफा' म्हणून एक रोप आणलं. बारमाही फुलतं, पण वास अजिबात नाही. नर्सरीत आता गुलाबी, पिवळी, लाल असे बरेच चाफे दिसतात. त्यातून वासाचा कसा ओळखायचा?

गच्चीकर:
तुमचं रोप प्लुमेरिया पुडिका आहे (प्लुमेरिया म्हणजे देवचाफ्याचं कुळ). पान बघा: देठाकडे अरुंद आणि टोकाकडे फण्यासारखं रुंद असेल. म्हणूनच नर्सरीवाले त्याला नागचाफा म्हणतात. खरा नागचाफा म्हणजे नागकेशर, ते झाड पूर्ण वेगळं. पुडिकाला वास जवळजवळ नसतोच, तेव्हा खत घालून काही होणार नाही. कुंपणाला छान दिसतं, तिथेच राहू द्या.

वासासाठी माझी पसंती अशी. पहिला आपला देवळातला पांढरा, पिवळ्या गाभ्याचा खुरचाफा. हा प्लुमेरिया रुब्राचा प्रकार, पान टोकदार, थंडीत पानं झडून नुसत्या काड्या उरतात. स्वस्त, काटक आणि वासाला खात्रीचा. दुसरा 'सिंगापूर' नावाने मिळणारा प्लुमेरिया ऑब्ट्युसा: पान गडद, चकचकीत, टोकाला गोल, फूल शुभ्र, वासात लिंबाची झाक. नाव सिंगापूर असलं तरी मूळचा वेस्ट इंडीजचा. पाणी मिळालं तर थंडीतही बहुतेक पानं टिकवतो, म्हणून फाटकाशी हाच लावा. तिसरा 'सेलाडाइन', पिवळा, हवाईत हारांसाठी वापरतात. याचं फूल तोडल्यावरही बराच वेळ ताजं राहतं.

गुलाबी-केशरी रंगांत पीच किंवा नारळासारखे गोड वास सापडतात, पण सरसकट नाही. गडद लाल बरेचदा फक्त बघायला. कुंडीत बुटका गुलाबी सिंगापूर चांगला राहतो. वास आहे, पण दारभर पसरणारा नाही.

शेवंती:
गच्चीकरांशी सहमत. भर इतकीच की नावाच्या चिठ्ठीवर किंवा फोटोवर जाऊ नका. फूल लागलेलंच रोप घ्या, आणि शक्यतो एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी सहानंतर नर्सरीत जा. या फुलांत मध नसतो. रात्री उडणारे मोठे पतंग नुसत्या वासाला भुलून येतात, म्हणून वास अंधार पडताना चढतो. भर दुपारी हुंगून 'वास नाही' म्हणाल तर चांगलं झाड हातचं जाईल. त्याच दिवशी उमललेलं फूल घ्या, झाडाखाली पडलेलं नको. नव्या रोपाचा पहिला बहर कधीकधी वासाला कमी पडतो, तेव्हा घरच्या रोपाबद्दलही एका बहरावरून मत बनवू नका.

ऑनलाइन 'निळ्या चाफ्याचं बी' विकतात ते मुळीच घेऊ नका. निळा चाफा नसतोच. आणि खरं बी असलं तरी रोप आईसारखं निघत नाही. फुलायला तीन-चार वर्षं जातात आणि शेवटी वास निघेलच असं नाही. ठरावीक वास हवा असेल तर फांदी किंवा कलम, तिसरा मार्ग नाही.

कडियमकडून (आंध्रातलं नर्सरींचं गाव) येणारी कलमं घेताना जोड बघा. जोडाखालून येणारी फूट लगेच खुडा, नाहीतर दोन वर्षांत खुंटाचंच, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचंच, झाड होतं आणि फूल भलतंच येतं.

पाऊलवाट:
दोघांचेही आभार. ओळखीच्या देवळात एक जुना चाफा आहे, वास अप्रतिम. पुजारीकाका फांदी द्यायला तयार आहेत. आत्ता जुलैत लावली तर चालेल का?

गच्चीकर:
याहून चांगलं काही नाही, पण जुलै नको. भर पावसात दहातल्या बऱ्याच फांद्या कुजतात. काकांना सांगून ठेवा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी पानं फुटायच्या आधी घ्या.

फांदी करड्या सालीची, अंगठ्याएवढी जाड, एक ते दीड फूट लांब. हिरवी कोवळी नको. चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, हातमोजे घाला. पानं काढा आणि फांदी सावलीत, वारा लागेल अशी १०-१५ दिवस उभी ठेवा. कापलेला भाग कोरडा, कडक झाला पाहिजे. घाई केली की नेमकं इथेच बिघडतं.

मग ८ इंची कुंडीत अर्धी भरड वाळू, अर्धं कोकोपीट भरून फांदी तीन इंच खोल रोवा आणि काठीला बांधा. हललेल्या फांदीची कोवळी मुळं तुटतात. सुरुवातीला एकदाच पाणी द्या, पुढे माती पूर्ण वाळल्यावर थोडंसं. दीड-दोन महिने लागतात. आधी दोन पानं फुटली तरी मुळं आली असं समजू नका. ती फांदीतल्या साठ्यावर फुटतात.

दर आठवड्याला बुडाशी बोटांनी दाबून बघा. टणक असेल तर ठीक. मऊ लागली तर उपटून बुडाकडून वर वर कापत जा, आतला गाभा पांढरा आणि चीक गळेपर्यंत. तपकिरी ठिपका राहिला तर कूज पुन्हा वर चढते. मग पुन्हा वाळवून लावा.

शेवंती:
मुळं धरल्यावर १४-१६ इंची कुंडी: दोन भाग लाल माती, एक भाग भरड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग जुनं शेणखत. काळी माती पाणी धरून ठेवते, ती नको. फाटकाशी काळीच माती असेल तर फूटभर उंचवटा करून त्यावर लावा. युरियाने नुसती पानं माजतात. मार्चमध्ये मूठभर हाडांचा चुरा द्या. बहर फांदीच्या शेंड्याला येतो, त्यामुळे छाटणी केली की त्या फांदीचं वर्ष जातं. छाटायचीच असेल तर थंडी संपताना.

पावसाळ्यात पानाखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. जास्त पसरला तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पाऊस नसलेल्या संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने फवारा. डिसेंबरात पानं गळली की कुंडीचं पाणी जवळजवळ बंद करा. काड्या बघून झाड मेलं समजून लोक रोज पाणी घालतात, आणि फेब्रुवारीपर्यंत मुळं कुजलेली असतात.